झरीवरचं फडकं

परवा एका तरुण मुलीने मला तिचा प्रबंध टपालाने पाठवला. कोकणातल्या ओढ्या-झऱ्यांमधले, डोळ्यांना जेमतेम दिसणारे कवचधारी प्राणी हा तिचा विषय. चाळीस वर्षांपूर्वी तोच माझाही होता. शेवटच्या यादीत, खालून तिसऱ्या ओळीत माझी नोंद आहे: 'रत्नागिरी तालुका, एक झरा, महाराष्ट्रातून प्रथमच.' त्या ओळीशेजारी तिने पेन्सिलीने लिहिलंय, 'मॅडम, या झऱ्यावर मी चार वेळा जाऊन आले. मला एकही मिळाला नाही. तुम्ही नेमका कुठून घेतला होता?'

वाचलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. राग त्या मुलीचा नव्हता. तिने विचारायला हवं तेच विचारलं. राग जुना आहे. वयाबरोबर माणूस निवतो म्हणतात, ते माझ्या बाबतीत साफ खोटं ठरलंय. तिला मी दोन ओळींचं सभ्य उत्तर पाठवून दिलं. जे उत्तर सभ्य नाही ते इथे लिहिते.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. मी रत्नागिरीतल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते. आठवडाभर बेडूक आणि झुरळ, आणि सुट्टीच्या दिवशी एसटी. मालगुंडापासून पार दापोलीपर्यंत, जिथे गाडी थांबेल आणि जवळपास पाणी वाहत असेल तिथे मी उतरायची. खांद्याला शबनम पिशवी, तिच्यात दवाखान्यातून मागून आणलेल्या इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या, थोडं स्पिरिट, एक भिंग आणि जुन्या पोस्टकार्डांच्या कापलेल्या चिठ्ठ्या. चिठ्ठीवर पेन्सिलीने जागा आणि तारीख लिहायची आणि ती बाटलीच्या आत टाकायची, कारण शाई स्पिरिटमध्ये उतरते. आई म्हणायची, "लोकांच्या मुली साड्या घ्यायला बाहेर पडतात, आमची गढूळ पाणी आणायला जाते." शेजारणी दात काढून विचारायच्या, आज किती किडे मिळाले?

किडे नव्हेत ते. कोळंबी-खेकड्यांच्या गोतातले जीव, फक्त तिळाच्याही पाव हिश्श्याचे. काही उड्या मारत पोहतात, काही शेवाळात रांगतात. कुठल्या पाण्यात कोण राहतं याची यादी करायची, एवढंच माझं काम. ऐकायला फालतू वाटतं, मला ठाऊक आहे. पण एखादा जीव इथे आहे हे कुणी लिहून ठेवलं नाही, तर तो गेला हेही कुणाला कळत नाही. हे वाक्य मी वर्गात ऐटीत सांगायची. पोरं वहीत उतरवून घ्यायची.

मुंबईहून मागवलेली माझी बारीक जाळी तिसऱ्याच महिन्यात करवंदीच्या काट्यांत फाटली. त्या दिवशी मी एका वाडीखालच्या झरीवर बसून स्वतःशीच शिव्या हासडत होते. झरी म्हणजे जांभ्याच्या कपारीतून येणारी मनगटाएवढी धार, आणि तिच्याखाली जांभाच खोदून केलेलं चौकोनी कुंड. वर उतारावर वीसेक घरांची कुणब्यांची वाडी. बाप्ये बहुतेक मुंबईला, गणपतीला आणि शिमग्याला येणारे. तिथे मला काकी भेटली. पन्नाशीची, काटक, डोक्यावर हंडा.

"काय गो बाय, तुजा काय हरवला काय?"

जाळी फाटली म्हणून सांगितलं. कशाला हवी जाळी तेही सांगितलं. ती हसली नाही. तिने हंड्याच्या तोंडाला जुन्या लुगड्याचं दुहेरी फडकं बांधलं आणि करवंटीच्या डवलीने पाणी ओतायला लागली. हंडा भरल्यावर फडकं सोडलं, उलटं केलं आणि कुंडाच्या पाण्यात खळबळवून म्हणाली, "जा, घरी जा."

"कुणाला म्हणालात?"

"जित्राब हाय ता. दगडावर टाकला तर मरंल न्हाय काय?"

त्या वाडीतली प्रत्येक बाई असंच करायची. पाणी गाळायचं आणि फडक्यात जे अडकलं ते जिथलं तिथे सोडायचं. कुणी शिकवलं विचारलं, तर सासूने. सासूला कुणी, तर तिच्या सासूने. मी तिथेच हातातला वाडगा पुढे केला. म्हटलं, काकी, कुंडात सोडायच्या आधी यात सोडा, मी बघते आणि मग घरी पाठवते. ती बाकीच्या बायकांनाही सांगायला गेली. महिनाभर जाळीने मिळालं नव्हतं इतकं मला एका सकाळी दहा घरांच्या फडक्यांतून मिळालं. मी आयुष्यात बरीच उपकरणं वापरली. त्या फडक्यांइतकं चोख काम एकाही उपकरणाने केलेलं नाही.

त्याच्यात तो होता. लांबट, बाकीच्यांसारखा न पोहणारा, शेवाळाला धरून सरपटणारा. मादीच्या पोटाशी अंड्यांची एकच पिशवी. या मंडळींची ओळख पाचव्या पायावरून पटते, आणि तो पाय केसाच्या जाडीहूनही लहान असतो. काडीला टोचलेल्या सुईने तो सुटा करायला मला तीन दिवस लागले. मग पुस्तकं काढून बसले. हा जीव खाली दक्षिणेतल्या ओढ्यांतच मिळालेला होता, इथून शेकडो मैलांवर.

माझे मार्गदर्शक मुंबईला असायचे. मी त्यांना सर म्हणायची, आणि इथेही सरच म्हणते. सरांनी चित्र बघितलं आणि पहिलं वाक्य हे बोलले, "बाटल्या बदलल्या असतील तुझ्या." माझ्या बाटल्या! मी पुन्हा गेले, फडकी पुन्हा वाडग्यात सोडली, पुन्हा मिळाला. चौथ्या खेपेला सरांनी नमुने परदेशातल्या एका जाणकाराकडे पाठवले. त्याचं पत्र आलं, की हो, तोच आहे. त्या दिवसापासून सर 'तुझा तो नमुना' म्हणायचे बंद झाले आणि 'आपली नोंद' म्हणू लागले.

मी पत्र घेऊन काकीकडे गेले. इतका आनंद मला कुणाला तरी सांगायचा होता, आणि घरी ऐकणारं कुणी नव्हतं. तिने मला ओटीवर बसवून कोकमाचं सरबत दिलं. म्हटलं, काकी, तुमच्या झरीतला हा जीव आख्ख्या महाराष्ट्रात आणखी कुठे कुणाला मिळालेला नाही. तिने थोडा विचार केला आणि आमच्याकडे नव्या माणसाबद्दल पहिल्यांदा जे विचारतात तेच विचारलं.

"मंग कुनाच्या भावकीतला म्हनायचा ह्यो?"

आमच्या भागात माणूस नुसता स्वतः कधीच नसतो. तो कुणाचा तरी पुतण्या, कुणाचा चुलत असतो, आणि ते कळल्याशिवाय त्याला कुणी पाटावर बसवत नाही. मला तो प्रश्न फार आवडला. मी म्हटलं, सायक्लॉप्स म्हणून एक असतो, एका डोळ्याचा, सगळ्या पाण्यात मिळतो. त्याच्या भावकीतला हा, लांबचा चुलत. काकीचं समाधान झालं. घरातल्या सगळ्यांना तिने ते तसंच सांगितलं.

आणि मग मी गाढवपणा केला. इथल्या एका साप्ताहिकाने माझ्याकडे लेख मागितला, 'आपल्या भागातलं संशोधन, सोप्या भाषेत'. सोप्या भाषेची खाज मला होतीच. काकीला सांगितलेलं तेच वाक्य मी त्यात घातलं, आणि संपादकाने त्याचं शीर्षक केलं: 'सायक्लॉप्सच्या भावकीतला पाहुणा आपल्या झरीत'. वाडीचं नाव लेखात होतं. काकीला आवडेल म्हणून मीच घातलं होतं.

सायक्लॉप्स म्हणजे काय ते त्या काळात सरकारी माणसांना पाठ होतं, कारण नारू. नारू हा दोऱ्यासारखा जंत. माणसाच्या पायावर फोड येतो, त्यातून तो बाहेर पडतो. तो पाय साठलेल्या पाण्यात बुडाला, की त्याची पिल्लं सायक्लॉप्स गिळतो, आणि पाण्याबरोबर सायक्लॉप्स माणूस गिळतो. घाट चढून वर गेलं की पायऱ्यांच्या विहिरींवर अशी माणसं दिसायची. नारू संपवायला निघालेल्या लोकांबद्दल माझ्या मनात तेव्हाही आदर होता, आजही आहे. पण नारू वाहत्या धारेत होत नाही. माझा शेवाळात सरपटणारा प्राणी नारू वाहून नेत नाही. आणि गाळलेल्या पाण्यातून तर नारू येतच नाही. दुहेरी फडक्याने पाणी गाळा हेच तर ते गावोगाव ओरडून सांगत होते. माझ्या वाडीतल्या बायका ते पिढ्यान् पिढ्या करत होत्या. एवढ्या तीन गोष्टी ज्याला कळत नाहीत त्याच्या हातात पाण्यात टाकायच्या जंतुनाशक पावडरचं पोतं देऊ नये.

दिलं होतं. चैत्रातल्या एका दुपारी मी प्रयोगशाळेत बेडकाची चिरफाड शिकवत होते आणि दारात काकी उभी राहिली. ती कधी एकटीने एसटीत बसून रत्नागिरीला आलेली नव्हती. पायात चपला नव्हत्या. हातात माझ्याच लेखाचं कात्रण होतं, चार घड्या घातलेलं.

"बाय, तू आमच्या पान्यावर काय लिवलंस गो?"

मी तिला बाहेर बाकावर बसवलं. पाणी दिलं, ते तिने घेतलं नाही.

"जीपवाला साहेब आला हुता. ह्यो कागूद दाखवीत हुता. म्हनलान, तुमच्याच रत्नागिरीच्या बाईनं छापलान, तुमच्या पान्यात नारूचा किडा हाय. आमी हात जोडून सांगितला, साहेब, आमच्या वाडीत कुनाला नारू न्हाय, बगा आमचं पाय. त्यानं आयकलान न्हाय. पोताभर पावडर वतलान झरीत. वर लाल पाटी लावलान."

दुपारच्या गाडीने मी तिच्याबरोबर गेले. झरीवर टीसीएल पावडरचा वास नाकात झोंबत होता. कुंडाच्या तळाशी पांढरा थर, आणि कपारीवर ठोकलेली पाटी: पाणी पिण्यास मनाई. मी भिंग काढून धारेच्या वरच्या अंगाला, कपारीच्या आतलं शेवाळ चाचपलं. तिथे सात-आठ जिवंत होते. अगदी आत दडून बसले होते. मला हायसं वाटलं, आणि ते हायसं वाटणं कशाबद्दल होतं ते आठवलं की आज माझी मलाच चीड येते. काकी माझ्या मागे रिकामा हंडा घेऊन उभी होती आणि मी माझा प्राणी शोधत होते.

आता त्यांनी पाणी कुठून आणायचं? खालची नदी तिथे खाडीला मिळते, पाणी मचूळ. राहिली खोताची विहीर. हे इथल्या वाचकाला सांगावं लागणार नाही, पण बाहेरच्याला सांगते. खोत म्हणजे गावाचा पूर्वीचा मालक. त्याच्या शेतात कुणबी राबायचे, त्याच्या अंगणात बायका भात कांडायच्या, आणि त्याच्या विहिरीचं पाणी हे त्याचं उपकाराचं पाणी. कूळकायदा आला तेव्हा काकीच्या सासऱ्याने आणि वाडीतल्या बाकीच्यांनी जमिनीसाठी दावा केला आणि जिंकला. खोताने त्याच उन्हाळ्यात विहीर बंद केली. तेव्हा वाडीने पहारींनी ही झरी फोडून मोकळी केली आणि जांभ्यात कुंड खोदलं. काकी तेव्हा नवी नवरी होती. दगडाच्या चिपा तिने पाट्यांनी वाहिल्या होत्या. पाणी लागलं त्या दिवशी सगळ्यांनी देवळात नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, की त्या विहिरीची पायरी पुन्हा चढणार नाही.

"आमच्या सासऱ्यानं नारळ ठेवलान," काकी म्हणाली. "आता मी चढू?"

चढावंच लागलं. वीस घरं, उन्हाळा, लहान पोरं, गुरं. देवाला चुकीची माफी मागून बायका खोताच्या अंगणात जायला लागल्या. खोत म्हातारा होऊन मेला होता. घरात त्याची सून होती, शिकलेली, गोड बोलणारी. ती म्हणायची, "या की हो, पाणी काय कुणाच्या मालकीचं असतं?" फक्त विहिरीवर आता विजेची मोटार होती आणि तिचं बटण माजघरात होतं. तेव्हा बायकांनी हंडे ओळीत लावून अंगणात उभं राहायचं आणि हाक मारायची. तिला सवड झाली की ती बटण दाबणार. कधी लगेच दाबायची, कधी जेवणं आटोपल्यावर. एका शब्दाने कुणाला दुखवलं नाही तिने. मला ती सून आठवली की अजून कानशिलं तापतात.

मी त्या साहेबाच्या, म्हणजे आरोग्य खात्याच्या, कचेरीत गेले. मोठ्या तावात गेले होते. पण साहेब तावाला भीक घालणारा नव्हता, तोही गोड होता. खुर्ची दिली, चहा मागवला, माझ्या लेखाची तारीफ केली. मी त्याला पाऊण तास समजावलं: हा पोहत नाही, सरपटतो, पिशवी एक, सायक्लॉप्ससारख्या दोन नव्हेत, नारूशी याचा संबंध नाही. तो मान डोलवत होता. मग त्याने फायलीतून छापील तक्ता काढून माझ्यापुढे ठेवला. वरती लिहिलं होतं 'सायक्लॉप्स व तत्सम जीव', आणि खाली दोन रकाने: आढळला, आढळला नाही.

"निरुपद्रवी आहे असं मी लिहून देते," मी म्हटलं.

"त्याला रकाना नाही ना, मॅडम."

"मग समासात लिहिते."

"समासातलं वर कुणी वाचत नाही. तुम्ही तज्ज्ञ आहात, तुम्हीच छापलंय की आढळला. आता तुम्हीच सहीनिशी द्या, आढळला नाही. उद्या पाटी काढतो. तोवर दर आठवड्याला पावडर टाकणं मला भाग आहे, माझीही नोकरी आहे."

असं होतं ते. माझ्या एका सहीवर वाडीचं पाणी अडलं होतं, आणि सही खोटी होती. आयुष्यात पहिल्यांदा मी एक खरी गोष्ट शोधून काढली होती, आणि साहेब म्हणत होता, ती नाही असं लिहून द्या.

मी पोस्टातून सरांना ट्रंककॉल लावला. सर म्हणाले, "वेडी आहेस का? आपला शोधलेख छापायला गेलाय. तू सहीनिशी 'आढळला नाही' लिहून दिलंस आणि उद्या ते कुणाच्या हाती लागलं, तर नोंदच बनावट ठरेल. तुझीही आणि माझीही. दोन महिने थांब. छापील लेख घेऊन जा, तो पुरावा. मग त्यांना मानावंच लागेल." फोनवर खरखर होती, तरी मला प्रत्येक शब्द नीट ऐकू आला. दोन महिने. म्हणजे पाऊस येईपर्यंत.

आणि मी थांबले. यात सरांना शिव्या देणं सोपं आहे, मी वर्षानुवर्षं दिल्या. पण सरांनी माझा हात धरून ठेवला नव्हता. छापील लेख बघून साहेब वरमेल, हे मला पटलं कारण ते पटवून घेणं माझ्या सोयीचं होतं. मला ती ओळ छापून यायला हवी होती. माझं नाव, माझा झरा, महाराष्ट्रातून प्रथमच. किडे मोजते म्हणून हसणाऱ्या सगळ्या शेजारणींच्या तोंडावर ती फेकायची होती. त्यासाठी वीस घरांतल्या बायका परक्या अंगणात उभ्या राहिल्या. मी हे आजवर कुणापुढे बोलले नाही.

दुसऱ्या आठवड्यात मी झरीवर गेले. पावडरचा ताजा थर होता, आता कपारीच्या तोंडापर्यंत. कपारीतल्या शेवाळात दोन जिवंत मिळाले. मी ते बाटलीत घेतले नाहीत, परत आत ढकलले. वर वाडीत जायचा धीर झाला नाही, पण एसटीच्या रस्त्याला खोताचं घर लागतं. अंगणाच्या दगडी गडग्यावरून दिसलं, की काकी अंगणात उन्हात उभी आहे, पुढे हंडा, आणि माजघराकडे तोंड करून हाक मारतेय, "सूनबाय, मोटार लावतीव काय?" आतून उत्तर नाही. तिने पुन्हा हाक मारली, जरा हळू. मग तिची मान वळली आणि तिने मला बघितलं.

मी गडग्यापाशी गेले. म्हटलं, काकी, थोडेच दिवस, कागद छापून येतोय, तो आला की मी साहेबाला दाखवते.

"किती दिस?"

"महिना. सव्वा महिना."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नव्हे, एखाद्या कचेरीतल्या माणसाकडे बघावं तशी. मग म्हणाली, "तुमाला जमंल तवा करा, म्याडम."

म्याडम. त्या दिवसापर्यंत मी तिची बाय होते. मी एसटीत बसले आणि रत्नागिरी येईपर्यंत खिडकीची दांडी गच्च धरून ठेवली. त्यानंतर मी तिकडे जाणंच बंद केलं. परीक्षा आहेत, पेपर तपासायचेत, अशी कारणं मी स्वतःलाच देत होते.

मेच्या शेवटी तपकिरी पाकिटातून लेखाच्या प्रती आल्या. सरांचं नाव आधी, माझं नंतर. शेवटी आभार होते: कॉलेजचे, परदेशातल्या जाणकाराचे. फडक्यांचा उल्लेख नव्हता. 'बारीक जाळीने नमुने गोळा केले' असं छापलं होतं. मी मसुद्यात फडकी लिहिली होती. सरांनी ती खोडली होती, आणि मी ते खोडलेलं बघूनही गप्प बसले होते. तरी एक प्रत घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी मी साहेबापुढे हजर झाले.

त्याने पानं उलटली. सगळं इंग्रजी, मध्ये लॅटिन, आणि पाचव्या पायाची मी काढलेली सुबक आकृती. शेवटचं पान मिटून त्याने मला शांतपणे विचारलं, "यात निरुपद्रवी आहे असं कुठे लिहिलंय?"

नव्हतंच लिहिलं. आम्ही त्या पायावरचे काटे मोजले होते, त्यांची लांबी दिली होती. वाडी ते पाणी पिते, तिला त्यापासून भय नाही, हे एक वाक्य लिहायचं आम्हा दोघा विद्वानांना सुचलं नव्हतं. चूक त्याची होतीच. पण त्या क्षणी तो माणूस बरोबर होता.

"तक्ता द्या," मी म्हटलं, "पण आधी मी बघून येते."

का जायचं होतं बघायला? खोटी सही करायची तर बघायची काय गरज? मला वाटतं, एकदा त्याला सांगून यायचं होतं, की बाबा रे, तू आहेस, पण कागदावर नाहीस, माफ कर. वेडगळ आहे खरं. सकाळीच घरी पोस्टकार्डाच्या चिठ्ठीवर जागा आणि तारीख लिहून मी ती बाटलीत टाकली होती, सवयीने.

झरीवर मी तीन तास होते. कपारीच्या आत हात जाईल तिथवर गेला. शेवाळ पिवळं पडून भुकटीसारखं सुटत होतं. कुंडाचा तळ खरवडला, धारेच्या मुळाशी माझी साडी फाडून फडकं बांधलं आणि पाणी गाळलं, पुन्हा गाळलं. तो नव्हता. दुसरंही काही नव्हतं. पोहणारे नाहीत, सरपटणारे नाहीत. दर आठवड्याला एक याप्रमाणे पावडर पडली होती, आणि मी माझ्या ओळीची वाट बघत होते. चैत्रातच सही केली असती, तर सही खोटी ठरली असती आणि तो जगला असता. आता सही खरी होती.

मी रत्नागिरीला येऊन 'आढळला नाही' या रकान्यात सही केली. साहेब म्हणाला, "बघा, आधीच केलं असतंत तर किती बरं झालं असतं." त्याला चपराक मारावी असं मला वाटलं, आणि मारता आली नाही, कारण या संपूर्ण प्रकरणात त्याने उच्चारलेलं हे सगळ्यात खरं वाक्य होतं.

दोन दिवसांनी पाटी निघाली. त्या सकाळी मी मुद्दाम गेले. वाडीतल्या बायका झरीवर जमल्या होत्या. कुंड घासून, नारळाच्या काथ्याने तळ खरवडून त्यांनी पाणी दोनदा उपसून टाकलं होतं. नवं पाणी भरत होतं, नितळ, तळाचा दगड दिसेल असं. देवाला नारळ देऊन झाला होता. कुणी माझ्याशी भांडलं नाही. एकीने तर खोबऱ्याचा तुकडा हातावर ठेवला. मी भांडणाच्या तयारीने गेले होते, आणि तो तुकडा मी रुमालात बांधून ठेवला.

पहिला हंडा काकीचा. तिने फडकं बांधलं, डवलीने पाणी ओतलं, हंडा काठोकाठ भरला. मग फडकं सोडून हातात घेतलं. माझा हात आपोआप पिशवीत गेला आणि वाडगा घेऊन पुढे झाला, पूर्वीसारखा. काकीने वाडग्याकडे बघितलं. फडकं उजेडाकडे धरलं, नीट बघितलं, आणि माझ्यापुढे पसरलं. जुन्या लुगड्याचं पातळ सुती कापड, स्वच्छ.

ती कुंडापाशी वाकली नाही. तिने फडकं शेजारच्या दगडावर झटकलं आणि खांद्यावर टाकलं.

"आता कुनाला घरी धाडायचा, म्याडम?"